सत्तेचाळीस नंबरचा शिक्का

“सुप्रीता, अगं बघून वळायचं ना! सरळ माझ्यावरच आलीस!”

अजित बंगळुरातल्या हेब्बाळहून ओरडत होता आणि चंद्रकांत नाडगौडा शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीत, जेवणाच्या टेबलापाशी हेडफोन लावून ऐकत होते. पडद्यावर दोन लढाऊ विमानांचे तुकडे डोंगरात जळत होते. विमानं ऑनलाइन खेळातली, त्यामुळे कुणाला खरचटलंही नव्हतं.

“पडलं का परत?” स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी शुभदाबाईंनी विचारलं.

“दोन पडली.”

“बरं. उप्पिट्टू निवतंय.”

चंद्रकांत चौतीस वर्षं विमानांच्या कारखान्यात तपासनीस होते. त्यांचा सत्तेचाळीस नंबरचा शिक्का उठल्याशिवाय विमान हँगरबाहेर जात नसे. स्वतः मात्र ते एकदाही उडाले नाहीत. निवृत्तीनंतर हा खेळ हाती लागला, तर तिथे सगळे हौशी वैमानिक आपल्याच तोऱ्यात, मित्र-शत्रू न बघता एकमेकांना पाडत सुटलेले. त्यांना ते बघवेना. त्यातले आठजण गाठून त्यांनी दर रविवारी सकाळी दहाचा सराव सुरू केला. वैमानिक उडणार आणि जमिनीवरून उंची-दिशा सांगणारे कंट्रोलर चंद्रकांत. सराव संपला की प्रत्येकाने आधी स्वतःची चूक सांगायची. आणि ज्याच्या चुकीने आपल्याच गड्याचं विमान पडेल, त्याने चार रविवार बाहेर बसायचं. नियम त्यांचाच, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान.

पुढच्या रविवारी पुण्याच्या गटाशी पहिला सामना होता. चार विमानांचं नेतृत्व निपाणीची सुप्रीता करणार होती. सहा महिने ती त्यासाठी घाम गाळत होती.

“सरावाच्या कागदावर मला बारा हजार फूट होतं अण्णा, मी चौदावर गेले,” ती हळूच म्हणाली. “चूक माझीच की. बसते मी चार रविवार.”

“थांब. आधी रेकॉर्डिंग ऐकतो.”

प्रत्येकाशी ते वेगळ्या चॅनलवर बोलत, आणि रेकॉर्डिंग फक्त त्यांच्याकडेच असे. त्यांनी लावलं. त्यांचाच आवाज, ठणठणीत: “अजित, चौदा हजार.” आणि लगेच, “सुप्रीता, चौदा हजार.”

त्यांनी तेवढाच तुकडा पुन्हा लावून ऐकला. अण्णा चुकणार नाहीत, म्हणून पोरीने कागद बाजूला ठेवून त्यांचं ऐकलं होतं. गप्प बसण्याचा मोह झाला नाही, असं म्हणणं खोटं ठरेल. पुण्याच्या सामन्याची वाट तेही सहा महिने बघत होते.

“पहिली चूक माझी,” ते म्हणाले. “दोघांनाही चौदा मीच सांगितलं. सुप्रीता सांगितलेल्या जागीच होती.”

“राहू द्या की अण्णा. स्वल्प चुकलं एवढंच.”

“दोन हजार फूट स्वल्प नसतं, बाई. नियम काय आपला?”

“चार रविवार,” अजित पुटपुटला. “पण अण्णा, नेक्स्ट संडेला कंट्रोलला कोण?”

“आपली प्रणिता. कंट्रोलचं काम मी शिकवलंय तिला. आजवर बसू दिलं नाही, ही दुसरी चूक.”

पुढच्या रविवारी चंद्रकांत माइक बंद करून नुसते ऐकत बसले. शुभदाबाईही हात पुसत शेजारी येऊन बसल्या. “यातली आपली कुठली?”

“ती पुढची चार.”

चार गेली आणि चारही परत उतरली. सामना जिंकला होता. मग सुप्रीताचा आवाज आला, “पहिली चूक माझी. वळायला मी दोन सेकंद उशीर केला.” मग पुणेकरांचा म्होरक्या म्हणाला, “आता आमचीही सांगतो.” चंद्रकांतांनी उगीचच चष्मा पुसला.

दुपारी सुप्रीताने सामन्याचा अहवाल पाठवला. खाली ‘तपासलं’ असं लिहून त्यांच्या सत्तेचाळीस नंबरसाठी नेहमीचा चौकोन ठेवला होता. “अण्णा, शिक्का.”

त्यांनी ४७ टाइप केलं आणि पुसलं. “अजून तीन रविवार आहेत,” असं कळवलं.

“सरी अण्णा, चालेल. रिकामाच ठेवते. तिथं दुसऱ्या कुणाचा नंबर येणार नाही.”

त्यांनी मोबाइल शुभदाबाईंपुढे धरला.

“काय दाखवताय? रिकामा चौकोन आहे नुसता.”

“हो,” ते म्हणाले. “माझा आहे.”