सेकंदाचा दहावा भाग

ऑफिसात त्यांना सगळे बाणबाई म्हणत. नाचाच्या व्हिडिओ गेममध्ये पडद्यावर बाण सरकत वर येतात आणि ते रेषेला टेकले की पायाखालच्या तसल्याच बाणावर पाय मारायचा असतो. कुठल्या गाण्यात कुठल्या ठोक्याला कुठला बाण, हे ठरवणाऱ्या त्या बाई. वीस वर्षं हेच काम. आधी गेम हॉलमधलं कपाटाएवढं यंत्र होतं, मागे धरायला लोखंडी दांडा. गिऱ्हाईक तोंडावर आपटू नये एवढीच काय ती कंपनीची माया. मग घरी टीव्हीसमोर अंथरायची प्लास्टिकची चटई निघाली, ती तिसऱ्या उडीला सटकायची. बाण मात्र बाईंचेच. पाय वेळेवर पडला तर पडद्यावर ‘झकास’, जरा मागेपुढे झाला तर ‘बरं’, नाहीतर लालभडक ‘चुकलं’. हे शब्दही बाईंनीच निवडलेले, आणि त्यातला तिसरा त्यांच्या विशेष लाडका.

तो सर्वात जास्त वेळा वाट्याला आला त्यांच्या नवऱ्याच्या. नवरा शिंपी. दिवसभर पाय शिलाई मशीनवर, आणि कुठे गाणं लागलं की डोळे मिटून नाचायला तयार. त्या नाचावर भाळूनच आपण लग्नाला हो म्हटलं होतं, हे बाई सोयीस्करपणे विसरल्या होत्या. चटई घरी आली तसा त्याने हौसेने एका गाण्याच्या बाणांचा क्रम पाठ केला, तिच्यावर उभा राहिला, डोळे मिटले आणि नाचला. चुकलं, चुकलं, चुकलं.

“अहो, यंत्र काय खोटं बोलतंय का?” बाई म्हणाल्या. “तुमच्या अंगात तालच नाही, त्याला कोण काय करणार!”

त्या दिवसापासून त्याने नाचणं सोडलं. आता येत्या रविवारी लेकीचं लग्न होतं आणि तिला बाबांबरोबर एका गाण्यावर नाचायचं होतं. “नको गं, चारचौघांत शोभा होईल,” म्हणून त्याने दोन महिन्यांपूर्वीच अंग काढून घेतलं. लेक रडली. बाईंनी तिची समजूत घातली आणि मनातल्या मनात सुटकेचा निःश्वास सोडला.

गुरुवारी कंपनीला वीस वर्षं झाली. साहेबांच्या डोक्यातून एक अफाट कल्पना निघाली होती: पडदा बंद, बाण गायब, नुसतं ऐकून नाचायचं. भाड्याच्या सभागृहात नवेकोरे स्पीकर लावले आणि पहिला मान अर्थातच बाणबाईंना दिला. स्वतःच बसवलेलं गाणं, डोळ्यांवर पट्टी बांधली तरी काय बिघडतंय, अशा तोऱ्यात बाई चढल्या आणि सपशेल आपटल्या. एकूण एक पाऊल ‘चुकलं’. मग त्या गाण्याचे बाण तोंडपाठ असलेले कंपनीचे नावाजलेले खेळाडू चढले. त्यांचंही तेच.

“यंत्र बिघडलंय,” साहेबांनी जाहीर केलं. न कळलेल्या गोष्टीवर त्यांचा हा ठरलेला निकाल.

तंत्रज्ञाने आकडे काढले. “बिघाड नाही साहेब. सगळेच सेकंदाचा दहावा भाग आधी पाय टाकतायत. सगळेच, आणि अगदी तेवढाच.”

शोध घेता घेता गाडी बाईंच्या टेबलाशी आली. तिथल्या जुनाट स्पीकरातून गाणं सेकंदाचा दहावा भाग उशिरा बाहेर पडत होतं. पहिल्या दिवसापासून. बाईंनी कान लावून, जीव ओतून हजारो बाण बसवले, ते सगळे तेवढेच उशिराचे. वीस वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गिऱ्हाइकं बाणांकडे बघून नाचत होती. गाणं ऐकतंय कोण!

साहेबांनी दोन मिनिटांत तोड काढली. “बाण राहू द्या. गाणीच उशिरा सोडू. लोकांना सवय झालीय.”

टाळ्या पडल्या. बाईंची खुर्ची वाचली, पण बाईंचं तिकडे लक्ष नव्हतं. चटईवर डोळे मिटून गाणं ऐकणारा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता. बाईंना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या दुपारीच घरी निघाल्या. त्याला सांगायचं, माफी मागायची, रविवारी नाचायला लावायचं, हे रस्ताभर घोकत त्या आल्या.

दार उघडलं तर नवरा चटईवर. घामाने निथळलेला, डोळे टीव्हीला चिकटलेले. झकास, झकास, झकास.

“अगं, बघ!” तो लहान मुलासारखा ओरडला. “दोन महिने रोज दुपारी दुकान बंद ठेवून घासतोय. लेकीला सांगू नकोस हं, रविवारी एकदम चकित करणार आहे. शेवटी जमलं बघ तुझ्या बाणांवर!”

बाई चटईसमोर खुर्ची ओढून बसल्या. मग एका दमात सगळं सांगितलं. स्पीकर, उशिराचे बाण, सगळं. “तुमचा पाय बरोबर होता हो. मीच चुकीची होते.”

त्याने पायाखालच्या बाणांकडे पाहिलं.

“म्हणजे दोन महिने मी चुकायला शिकत होतो?”

“हो.”

“आणि ते मात्र पटकन जमलं.” तो हसला, पण ते हसू काही टिकलं नाही. “पडदा बंद कर बरं.”

बाईंनी पडदा काळा केला. गाणं चालूच होतं. त्याने डोळे मिटले, एक पाय उचलला आणि तसाच अधांतरी धरून ठेवला. एक ठोका गेला, दुसरा गेला. त्याने डोळे उघडून काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

“कधी टाकू?” त्याने विचारलं.

बाईंना रडू फुटलं. ज्या माणसाने हा प्रश्न जन्मात कुणाला विचारला नव्हता, तो आज त्यांनाच विचारत होता. त्या चप्पल काढून चटईवर त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि त्याचा हात धरला.

“मला विचारू नका,” त्या म्हणाल्या. “तुम्ही टाका, कधीही. मी तुमच्या मागून टाकते.”