चार डब्यांचा कारभारी

देवानंद अमरावतीहून अकोटला निघाला तेव्हा त्याने लेकीला, आकांक्षाला, शब्द दिला होता. हे एक काम करून पाहतो, त्यात मन लागलं नाही तर संगणक जोडणीचं दुकान भाड्याने देऊन नागपूरला तुझ्याकडे येतो. त्याची बायको सत्यवती उन्हाळ्यात गेली. तेव्हापासून तो कामं करत होता, पण ती त्याचे हात करत होते, मन नाही. आकांक्षाने दुकानासाठी भाडेकरूही पाहून ठेवला होता.

अकोटचं काम पंजाबरावांच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात होतं. कापूस तोलायचा काटा, हिशेबाचे संगणक आणि कॅमेरे यांच्या तारा चार वेगवेगळ्या स्विचमध्ये जात होत्या. तारा एकत्र येतात तो डबा म्हणजे स्विच. प्रत्येक डब्याची सेटिंग वेगळी. देवानंदला ते चारही जोडून एक करायचे होते, म्हणजे एका जागी बसून सगळं सांभाळता आलं असतं. दुसऱ्या दिवशी कापूस खरेदीचा मुहूर्त होता.

पंजाबरावांची बायको पार्बताबाई चहा घेऊन आली आणि तिथेच उभी राहिली.

"भाऊ, डबे तं चार हायेत. मंग एक कसे म्हनता?"

"काकू, चार भाऊ एका चुलीवर राह्यले तर गावाला घर एकच दिसतं ना? तसं. एक कारभारी, बाकीचे त्याचं ऐकतात."

"अन कारभारी कोन ठरवते?"

"त्यांचं तेच ठरवतात. मी फक्त मान सांगून ठेवतो. याचा पहिला, याचा दुसरा, याचा तिसरा."

"आपसात ठरवतात? भांडन न करता?"

"मंग हे आपल्या भावकीतले नाईत," दारातून पंजाबराव म्हणाले.

तीन डबे नवे होते. चौथा जुना, काट्याच्या खोलीत पहिल्यापासून असलेला; नवेही त्याच्याशेजारीच बसवले होते. तो काढून टाकू असं देवानंद म्हणाला होता, पण पंजाबराव ऐकेनात. "इतके सीझन त्यानं काढले. त्याले भंगारात नाई देत मी." डबा त्याच कंपनीचा होता, नव्यांशी जुळत होता, म्हणून देवानंदने त्याला शेवटचा मान देऊन ठेवला. तीन नवे जोडून, चालवून पाहिले. काटा लागला, कॅमेरे दिसले. जुन्याची जोडतार लावली, पण तो बंदच ठेवला. तिघं रात्रभर चालू राहू द्यायचे आणि सकाळी मग याचं बटण दाबायचं, असं ठरवून तो झोपायला गेला.

सकाळी तो एसटी स्टँडवर चहा पिऊन आला तोवर पूजा उरकली होती. पूजेआधी जिनिंगची सगळी लाइन, म्हणजे वीज, बंद करतात, ते त्याला ठाऊक नव्हतं. रेच्यांना, सरकी काढणाऱ्या यंत्रांना, झेंडूचे हार होते. चारही डब्यांवर कुंकवाची बोटं होती आणि चारही लुकलुकत होते. काट्यावर कापसाचा पहिला टेम्पो उभा होता. त्याचा मालक श्रावण फेटा बांधून, हातात नारळ धरून सत्काराची वाट पाहत होता. पण काट्याच्या खोलीतला संगणक वजन दाखवेना.

"मुहूर्त टळून राह्यला, भाऊ," पंजाबराव म्हणाले.

देवानंदने लॅपटॉप उघडला. कारभारी होऊन बसला होता तो जुना डबा. शेवटच्या मानाचा. बाकी तिघं गुमान त्याच्या हाताखाली.

तो डब्यांसमोर उकिडवा बसला. मान तपासले, बरोबर होते. तारा तपासल्या, बरोबर. मग हा कसा? असं होऊच नये. पण झालं होतं. बाहेर लोक ओरडत होते आणि देवानंदला फार दिवसांनी कडकडून भूक लागल्यासारखं वाटत होतं. कारण कळल्याशिवाय त्याला तिथून उठायचंच नव्हतं.

"काकाजी, हे चालू कोणी केले?"

"म्या," पंजाबराव म्हणाले.

"आधी कोणता?"

"जुना. रेचेबी तसेच चालू करतो आमी. बापाच्या टायमापासून. जुना पयले, नवे मांगून."

"अन त्याच्या मागोमाग लगेच बाकीचे?"

"लगेच कसे? त्याले कुंकू लावलं, नारय फोडला, आरती झाली. मंग बाकीचे."

"आरती पूर्ण?"

"मंग काय अर्धी म्हनतात?" पार्बताबाई म्हणाली.

देवानंद हसला. मान बघितला जातो तो सगळे एकदम जागे झाले तर. हा एकटाच जागा झाला. आजूबाजूला पाहिलं तर कोणी नाही, म्हणून स्वतःच कारभारी झाला. नंतर आलेल्यांचा मान मोठा असला तरी बसलेल्या कारभाऱ्याला ते उठवत नाहीत. उलट त्याचीच सेटिंग घेतात, आणि त्याच्या जुन्या सेटिंगमध्ये आताचा काटा नव्हताच.

"सगळे बंद करावे लागतील," तो म्हणाला. "नवे आधी, हा शेवटी."

पंजाबरावांचा चेहरा पडला. "पूजा झालेलं बंद करू? मुहूर्तावर? अन मानाचा मांगून?"

श्रावणने नारळ या हातातून त्या हातात घेतला.

"घरचा मानूस पंगतीत कवा बसते?" पार्बताबाई म्हणाली. "पावने जेवल्यावर. हा घरचा हाये. नव्यायले बसू द्या आंधी."

पंजाबरावांनी तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. "करा बंद," ते म्हणाले.

सेटिंगची नक्कल लॅपटॉपमध्ये होती. देवानंदने पहिल्या मानाचा डबा चालू केला, त्यात ती भरली, मग दुसरा आणि तिसरा जोडले. जुन्याचं बटण त्याने पंजाबरावांना दाबायला लावलं. पार्बताबाईने त्या डब्याला पुन्हा कुंकू लावलं. काट्याचा आकडा उमटला, श्रावणच्या खांद्यावर शाल पडली आणि टेम्पो पुढे सरकला.

काम संपलं होतं. पंगतीत त्याचं पान वाढलं होतं. पण तो डब्यांपाशीच रेंगाळला.

"काकाजी, जेवणाची सुटी आहे तोवर एक पाहू का? कारभाऱ्यालाच बंद करून? काट्याची तार तिसऱ्यात आहे. बघू काटा चालतो का."

"आताच बसवला, अन आताच पाडता?"

"पाहू तं द्या त्याईले," पार्बताबाई पुढे सरसावत म्हणाली. "मलेबी पाहाचं हाये."

त्याने वायर काढली. पहिला डबा विझला. काट्याचा आकडा क्षणभर थबकला आणि परत चालू झाला. दुसऱ्या डब्यावर कारभाऱ्याचा दिवा लागला.

"ओ माय!" पार्बताबाई म्हणाली.

तेवढ्यात आकांक्षाचा फोन आला. "बाबा, त्या भाडेकरूला काय सांगू? तो विचारतोय."

"त्याला म्हणावं, दुसरी जागा बघ."

"म्हणजे? तुम्ही येत नाही?"

"दिवाळीत येतो की. थांब जरा," देवानंद म्हणाला आणि फोन कानाला लावूनच दुसऱ्या डब्याच्या वायरीकडे हात नेला. "आता यालाही बंद करून पाहतो."