काळ्या गाजराचं पाणी

माझ्या परसात एवढी माणसं घरच्या लग्नालाही जमली नव्हती. कुंपणावर माणसं, उपड्या पिंपावर माणसं, आणि गाजराच्या वाफ्यात खुद्द मंत्रतंत्रवाले बाबा. त्यांनी पाला धरून हिसका दिला. गाजर वर आलं ते काळंकुट्ट. गर्दीच्या तोंडून एकच ‘अगं बाई’ निघालं.

“बघा! भूमीचं रक्त गोठलंय,” बाबा गरजले. “या आवारात पापी हात वावरतोय. शेजारचं लेकरू उगाच तापानं फणफणलेलं नाही!”

“अहो, बीच काळ्या गाजराचं पेरलं, तर दुसरं काय उगवणार?” मी म्हटलं. “दगड-खडे वेचले, माती भुसभुशीत केली, बी वाळूत मिसळून पेरलं, दाटी झाली तशी रोपं विरळ केली. यात भूमीला राग येण्यासारखं काय आहे?”

“म्हातारे, तुला दिसतं तेवढंच दिसतं. न दिसणारं आम्हाला दिसतं.”

इतकी वर्षं मी केशरी गाजरं लावायची. काळं बी यंदा पहिल्यांदाच लावलं. गाजरं उपटायला आली, त्याच आठवड्यात शेजारचं लेकरू आजारी पडलं. लोकांना तेवढं पुरलं.

माझी सून लॉन्ड्रीत कामाला. दिवसभर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात दवाखान्याच्या चादरी घोळवते. जीभ मात्र धारदार. आदल्याच दिवशी ती बाबांना म्हणाली होती, “लेकराला आधी डॉक्टरकडे जाऊ द्या, मंत्र काय, नंतरही म्हणता येतील. आणि तुमचा हा झगा आमच्या लॉन्ड्रीत टाका, मळ तरी निघेल.” लोक खो खो हसले. बाबा हसले नाहीत. सोड्यानं सोललेल्या तिच्या बोटांकडे बघत राहिले.

पापी हात शोधायची परीक्षा त्यांनी नेमकी लॉन्ड्री सुटायच्या वेळेला ठेवली. माझीच गाजरं, माझ्याच पातेल्यात उकळली. ते जांभळट लाल पाणी पांढऱ्या वाट्यांमध्ये ओतलं.

“ज्याच्या हातात विष, त्याचं पाणी निळं!”

एकेकानं बोटं बुडवली. पाणी लालच राहिलं. मीही बुडवली. लाल. तेवढ्यात सून आली आणि सवयीनं नळाकडे वळली.

“हात धुवायचे नाहीत!” बाबा ओरडले. “पाप धुऊन कुणी परीक्षेला बसतं का?”

तिनं हसतच बोटं बुडवली, चोळली. पाणी निळं झालं. मग हिरवट.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. लोक नुसते दोन पावलं मागे सरले आणि वाफ्याच्या कडेला मी वेचून टाकलेल्या दगडांकडे एकेक हात वाकू लागला. माझा मुलगा, तिचा नवरा, मान खाली घालून उभा.

लेकराचा आजोबा पुढे आला. “अंधार पडायच्या आत हिला गल्लीतून घालवा. नाही गेली, तर घर राहणार नाही.”

“आई, मी काही केलं नाही हो,” सून पुटपुटली. मी तिचा दंड घट्ट धरला.

“थांबा!” फाटकातून आवाज आला. मला साठीत अक्षरं शिकवणाऱ्या, शाळेतल्या बाई. त्या लेकराला बघून येत होत्या, आणि सोबत लेकराची आई होती. “हिची परीक्षा राहिली ना?”

“तिची कशाला? बिचारी दुःखी माय,” बाबा घाईनं म्हणाले.

“मग तिला भीती कसली? बुडव गं बोटं.”

पोरीच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या होत्या. सकाळपासून ती लेकराची घाण झालेली दुपटी सोड्यात धूत होती. तिनं बोटं घातली. पाणी निळं, मग हिरवट.

“आता बोला,” बाई म्हणाल्या. “पोटच्या पोराला हिनं विष घातलं?”

“माझी सून? ती कशी असेल?” आजोबा चाचरला.

“ही पण कुणाची तरी सूनच आहे,” मी म्हटलं.

“हिच्या सावलीनं तिलाही...” बाबांनी सुरुवात केली. तोवर बाईंनी माझ्या स्वयंपाकघरातून लिंबू आणि खायच्या सोड्याची पुडी आणली, आणि लिंबू दोन्ही वाट्यांत पिळलं. पाणी लालभडक.

“लिंबाला कुठला मंत्र येतो, बाबा?” त्या लोकांकडे वळल्या. “काळ्या गाजराचा रंगच तसा. आंबट पडलं की लाल, सोडा लागला की निळा-हिरवा. आजोबा, तुमच्या वाटीत तुम्हीच चिमूटभर सोडा टाका.”

त्यानं टाकला. आपल्याच वाटीतलं पाणी बदलताना तो बघत राहिला. दगड एकेक करून, आवाज न करता, खाली ठेवले गेले. बाबा कधी सटकले ते कुणाला कळलं नाही.

लेकराला डॉक्टरकडे नेलं ते माझ्या सुनेनंच, त्याच्या आईबरोबर. छातीत कफ साठला होता. “आणखी उशीर केला असता तर हातात काही राहिलं नसतं,” डॉक्टर म्हणाले. लेकरू वाचलं.

सून त्याच गल्लीतून कामाला जाते. पूर्वी गाणं गुणगुणत जायची. आता अधूनमधून मागे वळून बघते. मला त्या बाबाची धास्ती नाही. दगड उचला, असं तो एकदाही म्हणाला नव्हता. ते हात आमच्या शेजाऱ्यांचे होते, आणि मान खाली घालणारा माझ्या पोटचा होता.

म्हणून सांगते, चमत्कार दिसला की तो दुसऱ्याच्या हातानं पुन्हा करून बघा. असं का झालं, ते विचारा. लेकरू तापलं तर दवाखाना गाठा. आणि सगळी गल्ली मिळून एकटीकडे बोट दाखवू लागली, तर निदान तुम्ही तरी मान वर करा.