दोन नंबरच्या टाकीचा नमुना

विमानाचं इंधन पाइपातून वेगानं वाहताना त्यात वीज साठते. ती साचून न राहता निघून जावी म्हणून इंधनात अगदी थोडं रसायन घालतात. ते कमी पडलं, तर ठिणगी उडायची भीती. कोल्हापूरहून बंगळुरूला आलेली देवश्री विमानतळाजवळच्या एका डेपोत हेच तपासायची. डब्यात नमुना घ्यायचा, त्यात मीटर बुडवायचा आणि इंधनातून वीज किती सहज वाहते ते पाहायचं.

त्या सकाळी दोन नंबरच्या टाकीचा आकडा फारच खाली आला. तिनं पुन्हा मोजलं. तेच. तिनं टाकी बंद ठेवायला सांगितली.

बाहेर टँकर खोळंबले. मॅनेजर सुधींद्र तणतणत आले. "उमाकांत अण्णांनी आत्ताच मोजलंय. त्यांचा आकडा व्यवस्थित आहे. तू नवीन आहेस, तुझंच काहीतरी चुकलं असणार."

उमाकांत अण्णा प्रयोगशाळेचे प्रमुख, बंगळुरूच्याच राजाजीनगरातल्या जुन्या मराठी घरातले; सगळी नोकरी याच कामात गेलेली. 'ठीक आहे, टाकी सुरू करा' म्हणायला देवश्रीनं तोंड उघडलंच होतं.

"स्वल्प थांबा," मागून अण्णा म्हणाले. "देवश्री, डबा कसा धुतलास?"

"त्याच इंधनानं अण्णा, तीनदा विसळून."

अण्णांनी आपला डबा उचलून पाहिला. "मी गडबडीत तसाच भरला. काल यात रसायनाचं दाट मिश्रण होतं. थोडं राहिलं असणार." मग सगळ्यांसमोर सुधींद्रांना म्हणाले, "चूक माझी आहे. हिचा आकडा बरोबर. टाकी बंदच ठेवा."

दोघांनी मिळून नवा नमुना घेतला. आकडा खालीच. शोधल्यावर रसायन सोडणारी बारीक नळी तुंबलेली सापडली. टँकर शेजारच्या टाकीवर भरून गेले.

"बरं झालं अडवलंस," सुधींद्र ओशाळून म्हणाले.

जेवताना देवश्री म्हणाली, "अण्णा, मी माघार घेणारच होते. तुम्ही विचारलंत म्हणून वाचले."

"वाचलो मी," अण्णांनी घरचं चित्रान्न तिच्या पानात वाढलं. "ते इंधन माझ्या शब्दावर गेलं असतं. तुझे उपकार आहेत, मगळे." कानडीत लेकीला म्हणतात तसं ते म्हणाले. "जेव आता."

संध्याकाळी तिनं कोल्हापूरला फोन लावला. "बाबा, काळजी करू नका. मला इथं फार चांगली माणसं मिळालीत."