सालीचं फळ

बँकॉकच्या रस्त्यावर धर्मराजनं विंचू खाल्ला. अख्खा, नांगीसकट, तळलेला. वर बेडकाची तंगडी, रेशमाचे किडे, आणि कॅमेऱ्याकडं बघून म्हणाला, "अन्नाला जात नसते, मंडळी!" व्हिडिओ टेंभुर्णीपासून जाफराबादपर्यंत फिरला आणि गडी अभिमानानं फुगून बसला.

धर्मराज मूळचा टेंभुर्णीचा, घरची बागायत. आता जालन्यात मस्तगडला कपड्याचं दुकान. शाळेत जिवाभावाचा दोस्त एकच, नागसेन. दहा वर्षं एका बाकावर बसले. नागसेन याच्या डब्यातलं पोटभर खायचा. यानं मात्र त्याच्या डब्याला कधी बोट लावलं नाही. नागसेननंही कधी का म्हणून विचारलं नाही.

तोच नागसेन आता गावात मास्तर. नवं घर बांधलं, फोन केला, "जगाचं खाऊन आलास, आता आमच्याकडं जेव. आई वाट बघून राह्यली."

धर्मराज हौसेनं गेला. नागसेनच्या आईनं, केशरबाईनं, ताट वाढलं. ज्वारीची गरम भाकर, पिठलं, ठेचा. घमघमाट असा की भरल्या पोटी माणूस पुन्हा जेवेल. आणि याच्या तोंडून निघून गेलं, "काकू, आज गुरुवार. मला उपास असतो."

कसला उपास न् कसलं काय! याचा बाप या आळीत आला की हेच म्हणायचा. विंचू चावून खाणाऱ्या जिभेवर बापाचंच वाक्य बसलेलं होतं. बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं, आणि कान तापले.

नागसेनची कॉलेजातली पोरगी, पायल, मोबाइलवर तोच व्हिडिओ बघत होती. "पण काका, विंचू खाल्ला तोबी गुरुवारच होता की. खाली तारीख हाय."

"पायल, गप," नागसेन म्हणाला. धर्मराजकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

केशरबाई आत गेली. येताना ताटलीत दोन केळी आणि सीलबंद पाण्याची बाटली. "घे बाबा. सालीचं फळ हाय, आत कुणाचा हात लागत न्हाई. तुझे वडील आल्ते तवाबी मी केळीच ठेवली होती."

म्हातारीच्या आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. तेच धर्मराजला सोसेना. लाजेनं त्याला मान वर करवेना. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"काकू, खोटं बोललो. उपास-बिपास काई न्हाई. वाढा मला भाकर."

केशरबाईनं ताट उचललं आणि नागसेनपुढं ठेवलं.

"न्हाई बाबा. धरलाय म्हणलास ना, मंग पाळ. दारात आलेल्याचा उपास मी आजवर कधी मोडला न्हाई."

नागसेन खाली मान घालून जेवायला लागला. धर्मराजनं केळ सोललं, एक घास तोंडात घेतला, आणि तो किती तरी वेळ तसाच चघळत बसला.