उघडा चौकोन

"पोखरलीय ही भिंत," क्राउटर म्हणाला आणि दारासमोरच्या भिंतीतल्या उघड्या चौकोनावर त्यानं काठी ठोकली. "गिलावा गळून विटा दिसायला लागल्यात. उद्या कुणाच्या डोक्यात पडली म्हणजे?"

मी हातातलं फडकं बादलीत आपटलं. सिनॅगॉगची, आम्हा ज्यूंच्या प्रार्थनाघराची, झाडलोट माझ्याकडे आणि डागडुजी आमच्या ह्यांच्याकडे, हे गवंडी. क्राउटर आता नगरपालिकेचा इमारत तपासनीस झालाय, पण पूर्वी ह्यांच्याच जोडीला थापी घेऊन फिरायचा. ह्याच भिंतीला दोघांनी मिळून चुना दिला होता आणि तेवढा चौकोन मुद्दाम सोडला होता. जेरुसलेमचं आमचं मंदिर पाडलं गेलं, त्याची आठवण म्हणून हातभर जागा उघडी ठेवायची, अशी आमची चाल आहे. घरात ठेवतो तशी इथेही ठेवतो. अख्ख्या गावाला ठाऊक आहे हे.

"क्राउटर, अरे तूच विचारलं होतंस ना, इथे का सोडायचं म्हणून?" हे म्हणाले.

"मला काही आठवत नाही, लीबमान." मेला चौकोनाकडे बघतसुद्धा नव्हता. "शुक्रवारी परत येतो. भिंत अशीच दिसली तर सगळी इमारत पाडायचा हुकूम निघेल. मोटारी लावायला जागा हवीच आहे गावाला."

तो पायऱ्या चढून रस्त्यावर गेला. चर्चपेक्षा उंच बांधायची आमच्या पूर्वजांना मनाई होती, म्हणून त्यांनी जमीनच खोल खणली. बाहेरून बघणाऱ्याला गोठा वाटावा, आणि आत आलं की मान वर करून छताकडे बघत राहावं, असं आमचं सिनॅगॉग. निळं लाकडी छत, त्यावर सोनेरी तारे. माझी खापरपणजी वरच्या बायकांच्या सज्जातल्या जाळीआडून ह्याच ताऱ्यांखाली प्रार्थना म्हणायची. गेल्या वर्षापासून त्या जाळीच्या शेजारच्या खिडकीला काच नाही. बसवली की दुसऱ्या दिवशी धोंडा येतो.

संध्याकाळी काट्सेनश्टाइनसाहेब घरी आले. आमच्या समाजाचे प्रमुख. गुरांच्या बाजारात आयुष्य गेलेला माणूस, आवाज कधी खाली म्हणून येत नसे. त्या दिवशी कुजबुजत होते.

"भरून टाक तो चौकोन, लीबमान."

"माझ्या आजोबांनी राखलाय तो. मी नाही बुजवणार."

मला काही राहवेना. "अहो, शुक्रवारी क्राउटरला तोंड द्यायला तुमचे आजोबा येणार आहेत का? भिंत राहिली तर चौकोन परत उकरता येईल. भिंतच गेल्यावर काय चाटायचाय तो?"

दुसऱ्या दिवशी ह्यांनी चुना कालवला आणि मेलेल्या माणसाचे डोळे मिटावेत तशी हळूच थापी फिरवली. मी बादली धरून उभी होते. भिंत गुळगुळीत झाली, आणि मला ती बघवेना.

शुक्रवारी सकाळी क्राउटर आला. बरोबर सत्तेतल्या पक्षाचे, खाकी शर्टातले दोघे. त्यानं थेट भिंतीशी जाऊन ओल्या चुन्यात अंगठा दाबला.

"ताजा गिलावा."

"तूच म्हणालास ना, उघडी दिसायला नको म्हणून?" ह्यांचा आवाज चढला.

"मी म्हणालो भिंत पोखरलीय. तुम्ही तडे लपवलेत. म्हणजे कबूलच केलंत की!"

हुकूम लिहून तयारच होता. त्यानं तो दारावर चिकटवला. सोमवारपर्यंत इमारत रिकामी करा. खाकी शर्टातला एक जण छताकडे बघत म्हणाला, "तारे झकास आहेत हां!" आणि दोघे हसले. आज तारे, उद्या त्या दोघांची नजर कशाकशावर जाणार होती देव जाणे.

दुपारी, सूर्यास्ताला शाबाथ, आमचा विसाव्याचा दिवस, लागायच्या आत, हे खरवडणी घेऊन निघाले. मी मागोमाग धावले.

"आता कशाला? पाडणारच आहेत ना?"

"अगं हेनी, उद्या संध्याकाळी मंदिर पाडल्याच्या दिवसाचा उपास लागतो. सगळे इथे जमिनीवर बसतील, समोर बघतील. काय बघायचं त्यांनी? क्राउटरचा अंगठा?"

चुना अजून ओलाच होता. पहिल्या फटक्यातच अंगठ्याचा ठसा गळून पडला. मी खाली एप्रन पसरला. विटा दिसू लागल्या तशी ह्यांनी बोटाच्या पेरानं एक वीट वाजवून बघितली.

"बघ कशी खणखणीत आहे," हे म्हणाले आणि तिथेच भिंतीला टेकून रडायला लागले. ह्यांना रडताना मी कधी बघितलं नव्हतं.

आम्ही पायऱ्या चढून वर आलो तेव्हा रस्त्यावर एका ट्रकमधून कुदळी उतरवत होते. सोमवार अजून लांब होता. कुणी आमच्याकडे बघितलं नाही.

घरी मी टेबलावर पांढरं कापड घातलं, शाबाथचे वेणीसारखे विणलेले पाव झाकून ठेवले आणि मेणबत्त्या लावल्या. आमच्या घरातला उघडा चौकोन टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून रोज बघतेय. त्या दिवशी त्याच्याकडे बघताना पहिल्यांदाच वाटलं, पाडलेल्याची आठवण ठेवायला एवढीशी जागा आता पुरायची नाही.