कुणाची नाही

इलुमिनादाच्या हातून आयुष्यात चुका पुष्कळ झाल्या, पण सरकारी कागदावर चढली ती एकच, आणि तीही दोन शब्दांची.

जानेवारी होता, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळा. मागदालेना नदी उतरली होती. तिच्या काठची सिएनागा, आमचं ते अवाढव्य तळं, आटून मधल्या डबक्यांपुरती उरली होती. उघड्या पडलेल्या काळ्या गाळावर गुडघाभर गवत आलं होतं. त्यात गावच्या गाई चरत होत्या आणि ज्याला जमेल त्याने कलिंगडं लावली होती. राजधानीहून आलेला मोजणीदार साल्गेरो नवे बूट घालून त्या गवतात उभा राहिला आणि समोर दिसली तिला त्याने विचारलं, "ही जमीन कुणाची?"

"कुणाची नाही," इलुमिनादा म्हणाली.

आमच्या बोलण्यात त्याचा अर्थ साधा आहे. जे कुणा एकाचं नाही ते सगळ्यांचं. पाणी उतरलं की गाईंचं, चढलं की माशांचं. तिची आई असंच म्हणायची, आजीही. साल्गेरोने मात्र वहीत लिहिलं: बेवारस, पडीक. मग तिच्याच ओसरीवर तळलेला बोकाचिको मासा आणि उकडलेला युकाचा कंद खाल्ला, बोटं चाटली आणि गेला.

मे महिन्यात कागद आला. शाळेतल्या नेल्फीबाईंनी तो पिंपळाएवढ्या सेइबाच्या झाडाखाली उभं राहून वाचला. पडीक जमीन जमीनदार दॉन एवेलियो यांना म्हशी पाळण्यासाठी दिली आहे. सिएनागाचं नदीकडचं तोंड बांध घालून बंद करण्यात येईल. शेजारी म्हणून साक्ष: इलुमिनादा पुपो, 'कुणाची नाही'.

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

"निन्या लुमी, एवढी वर्षं तुझ्या जिभेने आमची लग्नं मोडली ते ठीक होतं," जाळी विणणारा कांदेलारियो म्हणाला. "आता तळंच मोडलंस गं."

निन्या म्हणजे मुलगी. सत्तरी उलटलेल्या बाईलाही आमच्याकडे मानाने तसंच म्हणतात. इलुमिनादाला त्या दिवशी तो मान झेपेना.

ती होडीत जाऊन बसली. तोंड बंद होणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. पाणी उतरू लागलं की बोकाचिको सिएनागातून निघतात, नदीला लागतात आणि प्रवाहाच्या उलट डोंगरापर्यंत जातात, लेकी बाळंतपणाला माहेरी जातात तशा. मे महिन्यात दोन्ही डोंगररांगांचा पाऊस पोटात घेऊन नदी फुगते आणि नजरेला न दिसणारी पिल्लं खाली वाहत येतात. ती या तोंडातून आत शिरली, इथल्या गाळावर पोसली, तरच वाढायची. नाहीतर तशीच समुद्राकडे वाहून जायची. मग वरच्या गावांनीही जाळी खुंटीला टांगायची.

तिच्या तरुणपणी मासे वर चढायला लागले की पाण्याचा आवाज बदलायचा, तव्यावर तेल चरचरावं तसा. बर्फाचे ट्रक रात्रंदिवस धक्क्यावर उभे असत. होड्यांना डांबर फासणारे, मीठ विकणारे, खानावळी चालवणाऱ्या बायका, सगळ्यांचं वर्ष त्या दोन महिन्यांवर निघायचं. मासे चिरून चिरून तिच्या बोटांना पडलेल्या चिरा उन्हाळ्यातल्या शेतासारख्या, फक्त कधी न भरणाऱ्या. ते दिवस उणे होत गेले खरे, पण संपले नव्हते.

"मी बोलले," ती होडीला म्हणाली. "आता मीच निस्तरते."

आठवड्याने साल्गेरो हद्दीचे दगड रोवायला आला. पाणी चढलं होतं. बांध दोन्ही बाजूंनी पुढे येऊन मध्ये तीन होड्या जातील एवढीच फट उरली होती, आणि तिच्यातून तांबूस पाणी आत धावत होतं. फटीपाशी पोकलेन उभं होतं. दॉन एवेलियोचा मुकादम फर्मिन छत्रीखाली उभा होता.

"बाई, सही करा आणि घरी जाऊन कॉफी प्या," तो म्हणाला.

"करते की. पण रीतीने. आमच्याकडे साक्षीदार प्रत्येक दगडावर पाय ठेवतो, मगच सही. इंजिनिअर साहेब, पहिला दगड कुठे?"

साल्गेरोने नकाशा पाहिला. बोट पुढे केलं. तिथे पाणी होतं.

"बसा होडीत."

नवे बूट पोटाशी धरून तो बसला. त्या जागी पोचल्यावर तिने लांब बांबू पाण्यात घातला, तळ लागेना.

"ठेवा दगड."

"निन्या... हे आत्ता पाणी आहे म्हणून. उन्हाळ्यात..."

"उन्हाळ्यात तुम्ही जेवायला होतात. आत्ता कामाला आलात. ठेवा."

काठावर अख्खं गाव बघत होतं. त्याने दगड सोडला. एक बुडबुडा आला.

"आता माझा पाय कुठे ठेवू ते सांगा," इलुमिनादा म्हणाली. "गळ्यापर्यंत जायला तयार आहे. पोहता येतं मला. तुम्हाला?"

काठावर हशा उसळला. साल्गेरोही हसू दाबायला ओठ चावत होता.

"सात दगड आहेत," तो हळूच म्हणाला.

"सातही बुडवू. आणि प्रत्येकाखाली तुम्ही लिहाल: पाणी, बांबू टेकला नाही. जे दिसतं तेच लिहायचं असतं ना तुमच्या वहीत? जानेवारीत गवत दिसलं ते लिहिलंत."

त्याने लिहिलं. सातही वेळा. सही मात्र तिने केली नाही. "पाय टेकला नाही," म्हणाली.

फर्मिन ओरडत होता. "वहीला कोण विचारतं! वरून थांबवायचा हुकूम येईपर्यंत काम थांबत नाही. उबादेल, भर ती फट!"

उबादेल पोकलेनवर होता. बाप्तिस्म्याच्या दिवशी इलुमिनादानेच त्याला हातावर धरलं होतं. आता चाळिशीचा होता, पोट सुटलेला. त्याने मातीने भरलेली बकेट उचलली.

इलुमिनादाने होडी वळवून फटीत आडवी घातली. उठून उभी राहिली आणि होडीचा दोर बकेटच्या लोखंडी दाताला बांधला. गाठ दोनदा आवळली.

"धर्ममाते, बाजूला हो गं. माझी नोकरी जाईल."

"जाऊ दे. मासे आले की तुला जेवायला घालीन. नाही आले तर नोकरी असूनही काय खाशील? म्हशीचं शेण?"

नेल्फीबाई कमरेइतक्या पाण्यात उतरल्या. मागून कांदेलारियोची होडी आली, मग त्याच्या बहिणीची, मग खानावळवाल्या दोघींची. फट भरली, पण होड्यांनी. त्यांच्या खालून पाणी आपलं आत जातच राहिलं.

"किती दिवस बसणार आहात?" फर्मिनने विचारलं.

"पिल्लं आत जाईपर्यंत," इलुमिनादा म्हणाली. "नंतर पुन्हा बांध घालायचा हुकूम आला तर पुढच्या वर्षीही बसू."

उबादेलने इंजिन बंद केलं. एकदम पाण्याचा आवाज मोठा झाला. तो खाली उतरला आणि होडीत तिच्या शेजारी बसायला जागा आहे का, असं विचारू लागला.